वाघ दिसला नाही, मग टीप कशाला?

लाँग वीकेंड आला की आपल्या आयटीवाल्यांची एक फौज ताडोब्याकडे निघते. सोमवारी पॅंट्रीत प्रश्न एकच, "दिसला का?" दिसला असेल तर गाइड एकदम ग्रेट, टीप दणदणीत. नसेल दिसला तर गाइड बोगस, आणि टीपच्या वेळी जिप्सीतले सहाही जण झाडावरचे पक्षी बघायला लागतात! या प्रकाराबद्दल आज मला जरा भांडायचंय.

आधी ही नोकरी काय आहे ते बघू. ताडोब्यात गाइडशिवाय सफारीची गाडी आत सोडत नाहीत. हे गाइड मोहर्ली, कोलारा अशा गेटजवळच्या गावांमधले. महिन्याचा पगार वगैरे काही नाही. नंबर लागेल तशी फेरी, आणि फेरीमागे ठरलेली फी. मंगळवारी जंगल बंद. १ जुलै ते ३० सप्टेंबर तर अख्खं कोअरच बंद. बफरमध्ये थोड्या फेऱ्या चालतात, पण भर पावसात जाणार कितीजण?

म्हणजे आपल्या भाषेत वर्षातले तीन महिने बेंचवर. फरक एवढाच की आपल्याला बेंचवर पगार मिळतो. (आणि तरी आपण रडतो!)

"अरे, पण त्यांची शेती असते ना!" हे उत्तर हमखास येतं. ज्यांची असते त्यांची असते. पण तिकडचं पीक धानाचं. पावसाळ्यात त्यात पैसे घालावे लागतात: बियाणं, खत, रोवणीची मजुरी. हातात काही येतं ते कापणीनंतर, तेही रानडुकरांनी ठेवलं तर. म्हणजे ऐन खर्चाच्या महिन्यांतच फेऱ्या बंद. त्यात २०२०चा उन्हाळा लॉकडाऊनमध्ये गेला. आपण घरी बसून लॅपटॉप उघडला आणि पगार घेतला. घरी बसून जिप्सीत कसं बसणार?

आता टीपबद्दल. क्लायंटने प्रोजेक्ट गुंडाळला म्हणून आपला व्हेरिएबल पे कापला तर आपण महिनाभर मॅनेजरच्या नावाने बोटं मोडतो. मग वाघाने दर्शन द्यायचं की नाही, हे गाइडच्या अप्रेझलमध्ये कुठून आलं? त्याचं काम जंगल दाखवणं, पगमार्क वाचणं, सांबराचा कॉल ओळखणं, आणि आपल्याला गप्प बसवणं. ते तो चोख करतो.

वाघावर पैसे लावले की काय होतं तेही आपण पाहिलंय. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-करांडलामध्ये सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबित झाले चालक आणि गाइड. चूक त्यांची होतीच. पण अशा वेळी "भाऊ, अजून थोडं पुढे घ्या ना" म्हणणारा कोण असतो, हे मी सांगायला नको.

यावर उपाय काय? जंगल पावसाळ्यात बंद होतं ते आपल्यासाठी. गस्त चालू असते, कुरणांतला तरोटा काढायचा असतो. हे काम जंगल ओळखणाऱ्या गाइडांना हक्काने, ठरलेल्या दिवसांसाठी मिळायला हवं. पैसा? शनिवार-रविवारचा जादा दर आपण मुकाट भरतोच की. वन्यजीव कायद्यात २००६च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रतिष्ठानांची तरतूद झाली, आणि स्थानिकांना बरोबर घेऊन पर्यटन हा त्यांच्या उद्देशांपैकी एक आहे. प्रवेशशुल्कातला ठरावीक हिस्सा पावसाळ्यातल्या मजुरीसाठी वेगळा ठेवा, एवढीच मागणी आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हातातलं करू. गेटवर गाडीत बसायच्या आधीच टीप किती द्यायची ते सहाजणांनी ठरवा आणि वेगळी काढून ठेवा. वाघ दिसो न दिसो, परत आल्यावर तेवढी द्या. पटत नसेल तर खुशाल भांडा, पण निदान दोनेक हजारांच्या रिसॉर्ट बुफेनंतर शंभराच्या नोटेवरून घासाघीस करू नका, प्लीज!