आधी सार्वभौमत्व, मग स्नेह

रात्री उशिरा कोकणकन्या एक्स्प्रेस ठाणे स्थानकात शिरते, तेव्हा कल्याण-डोंबिवलीहून आलेली कितीतरी कुटुंबे सामानसुमान सांभाळत फलाटावर उभी असतात. कुणी मंगेशीच्या दर्शनाला निघालेले असते, कुणी शांतादुर्गेच्या, तर कुणी मुलांना गोव्याचा समुद्र दाखवायला. सकाळी सावंतवाडी मागे पडते, पेडणे येते आणि गाडी गोव्यात पोहोचलेलीसुद्धा असते. पारपत्र कुणी विचारत नाही, परवाना कुणी मागत नाही. याच सीमेवरील पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी हाती केवळ तिरंगा घेतलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या, हे गाडीतल्या किती जणांच्या ध्यानी असेल? त्या एका दिवशी गोव्याच्या सीमांवर वीसहून अधिक सत्याग्रहींनी प्राणार्पण केले.

आज त्याच पोर्तुगालशी भारताचे स्नेहाचे संबंध आहेत. हे संबंध पुन्हा जुळल्याला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी लिस्बनला भेट दिली. ज्या सत्तेने साडेचारशे वर्षे भारतभूमीचा लचका सोडला नाही, तिच्याशी मैत्री कशी जुळली? ही मैत्री विस्मरणातून आली, की स्वाभिमानातून? प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. जेत्यांशी पुढे कसे वागावे, हा प्रत्येक नवस्वतंत्र राष्ट्रापुढचा प्रश्न असतो आणि भारताने त्याचे दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे.

ठाण्याची साक्ष

ठाणे-कल्याण परिसराला हा विषय परका नाही. छत्रपती शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत स्वराज्याच्या आरमाराचा पाया घातला. त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने फितवताच ते काम अर्धे टाकून निघून गेले. शिवरायांनी त्यासाठी आरमार थांबवले नाही आणि पुढे गरज पडली तेव्हा पोर्तुगीजांशी तह करणेही वर्ज्य मानले नाही. परक्याचे कौशल्य घ्यावे, पण त्याच्यावर विसंबून राहू नये, हा राजनीतीचा पहिला पाठ कल्याणच्या खाडीत गिरवला गेला.

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केली. पुढे पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची वार्ता लागताच इंग्रजांनी घाई केली आणि डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे बळकावले. मराठ्यांच्या हातून ठाणे गेले, ते दोन परकीय सत्तांच्या स्पर्धेत. त्याच किल्ल्याचे पुढे कारागृह झाले आणि तेथेच १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे हुतात्मे फासावर चढले.

विनवणी ते विजय

१९४७ मध्ये इंग्रज गेले, पोर्तुगीज मात्र राहिले. फ्रान्सने वाटाघाटींचा मार्ग स्वीकारून १ नोव्हेंबर १९५४ रोजी पुदुच्चेरीचा कारभार भारताच्या हाती सोपवला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला हे शहाणपण सुचले नाही. भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी चर्चेचा प्रस्ताव दिला, तो त्याने झिडकारला. उलट १९५१ मध्ये राज्यघटनेत बदल करून गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा सागरापलीकडचा ‘प्रांत’ असल्याचे घोषित केले. अखेर १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली आणि ऑगस्ट १९५५ मध्ये उरलेसुरले संबंधही तोडले.

मुत्सद्देगिरीचे दरवाजे बंद होत असताना देशभक्त स्वस्थ बसले नाहीत. त्या काळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर सीमेला भिडलेला दादरा-नगर हवेलीचा प्रदेश १९५४ मध्ये मुक्त झाला. दादरा युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी सोडवले. २ ऑगस्ट रोजी सिल्वासावर तिरंगा फडकला, तो आझाद गोमंतक दल आणि संघाच्या स्वयंसेवकांच्या पराक्रमाने. या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखा कलावंतही उतरला होता. टी. बी. कुन्हा, टेलो मास्करेन्हास यांच्यासारख्या ख्रिस्ती गोमंतकीयांनीही गोव्याच्या मुक्तीसाठी तुरुंगवास सोसला. हा लढा धर्माधर्मातला नव्हता. तो परसत्तेविरुद्धचा राष्ट्रीय लढा होता.

पोर्तुगाल या प्रकरणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तेथे एक विलक्षण प्रसंग घडला. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातला १७७९ चा पुण्याचा तह व त्यानंतरच्या सनदा यांचा कीस युरोपातील न्यायाधीशांसमोर काढला गेला. मराठ्यांनी पोर्तुगीजांना केवळ महसुलाचा हक्क दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मान्य केल्याचेही नमूद केले. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने नागरिक व मालाच्या वाहतुकीपुरता पोर्तुगालचा हक्क मानला, सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क नाकारला आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही असे सांगितले. पुण्याच्या दरबारातील अक्षर पावणेदोनशे वर्षांनंतरही राष्ट्राच्या कामी आले!

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा, दमण व दीव मुक्त केले. चौदा वर्षांचा हा विलंब टाळता आला असता का, हा प्रश्न तत्कालीन नेतृत्वाला इतिहास विचारतच राहील.

अबोल्याची किंमत

तथापि संबंध तोडण्याचीही किंमत असते आणि ती बहुधा सामान्य देशभक्त मोजतो. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले होते. गोवा मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी अथक खटपट केली. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, गोवामुक्तीनंतर सात वर्षांनी. दोन्ही राजधान्यांत एकमेकांची वकिलातच नसताना त्यांच्यासाठी समोरासमोर बोलणार तरी कोण?

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली. नव्या राजवटीने वास्तव स्वीकारले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे मारिओ सोआरेस यांनी, तर भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर स्वाक्षरी केली. ठाणे इंग्रजांच्या हाती पडल्याला त्याच महिन्यात दोनशे वर्षे होत होती.

या करारातील कलमांचा क्रम मननीय आहे. पहिल्या कलमात गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व मान्य करण्यात आले, तेही हे प्रदेश भारताच्या घटनेनुसार देशाचा भाग झाले त्या तारखांपासून. राजनैतिक संबंधांचा उल्लेख दुसऱ्या कलमात येतो. त्यानंतर येतो तो सांस्कृतिक सहकार्याचा विषय. आधी सार्वभौमत्व, मग स्नेह! हा क्रम उलटा असता, तर ती मैत्री नव्हे, लाचारी ठरली असती.

या मैत्रीची फळेही मिळाली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेम याला पोर्तुगालने २००५ मध्ये भारताच्या हवाली केले. त्यासाठी फाशी न देण्याचे आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ कैदेत न ठेवण्याचे वचन भारताला द्यावे लागले. हे वचन कित्येकांना सलते, आणि ते स्वाभाविक आहे. पण केंद्र सरकार त्या वचनाने बांधलेले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. दिलेला शब्द पाळणे हाही सार्वभौम राष्ट्राचाच अलंकार असतो.

उरलेले काम

एक प्रश्न मात्र बाकी आहे. पोर्तुगीज भाषा व संस्कृतीच्या संवर्धनाला आणि मुक्त प्रदेशांतील वास्तूंच्या जतनाला भारताने त्या करारात मान्यता दिली. मग भारतीयांनी, विशेषतः मराठी माणसाने, या संबंधातून काय मिळवले? ठाणे, वसई आणि साष्टीच्या दोन शतकांच्या कारभाराचे कागद पोर्तुगीज भाषेत आहेत आणि त्यातले पुष्कळ लिस्बनच्या दप्तरखान्यांत आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरातून पोर्तुगीज-मराठे संबंध उजेडात आणले. त्यांच्या वाटेने जाणारे आज किती? परदेशी नोकरीसाठी जर्मन वा जपानी शिकणारे विद्यार्थी डोंबिवलीच्या घराघरांत सापडतील. आपल्याच गावाचा इतिहास वाचण्यासाठी पोर्तुगीज शिकणारा शोधावा लागेल.

जुन्या जेत्याविषयी मनात द्वेष जपणे सोपे असते आणि त्याच्या वैभवाला भुलणे त्याहून सोपे. त्याने लिहून ठेवलेले स्वतःच्या डोळ्यांनी वाचणे आणि त्याच्याशी मान ताठ ठेवून बोलणे हे कठीण काम आहे. पत्रादेवीला जे पडले, त्यांच्यामुळे आज गोव्याची गाडी सीमेवर थांबत नाही. ठाण्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना आईबापांनी मुलांना एवढी एक गोष्ट जरी सांगितली, तरी तो प्रवास सहलीपुरता राहणार नाही.