भिक्षा कोल्हापूरला, भोजन पांचाळेश्वरला : मराठी प्रवासकथनाच्या वगळलेल्या वाटा

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक एकोणिसाव्या शतकापासून आरंभ करतात. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास', मग अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ, 'अपूर्वाई'चे पु. ल. देशपांडे, आणि अलीकडे मीना प्रभू अशी ती मालिका असते. इंग्रजी शिक्षण, छापखाना, आगगाडी आणि आगबोट यांनी हा वाङ्मयप्रकार घडवला, असे त्यामागचे कारण दिले जाते. बीड जिल्ह्यातील चकलांब्याला उभे राहून पाहिले, तर हे कारण फार वेळ टिकत नाही.

चकलांबा गेवराई तालुक्यात आहे. उत्तरेला गोदावरी वाहते. पात्राच्या वरच्या अंगाला पैठण, खाली उतरत आले की राक्षसभुवन आणि पांचाळेश्वर. शालेय इतिहासाला यांपैकी राक्षसभुवन तेवढे ठाऊक असते, कारण १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी तेथे निजामाचा पराभव केला. पांचाळेश्वराचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते. महानुभाव पंथीयांचे ते आत्मतीर्थ. श्रीदत्तात्रेयांच्या भोजनाचे स्थान. परंपरा सांगते की दत्तात्रेयांची निद्रा माहूरला, भिक्षा कोल्हापूरला आणि भोजन पांचाळेश्वरला. विदर्भाच्या सीमेवरचा डोंगर, पंचगंगेचा काठ आणि गोदावरीचा काठ, असा फेरा हा देव रोज पुरा करतो. ज्या प्रदेशाने देवाची ओळखच त्याच्या वाटेवरून सांगितली, त्या प्रदेशाला प्रवासकथन इंग्रजांनी शिकवले असे म्हणणे जरा धाडसाचे आहे.

मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' तरी काय आहे? तेराव्या शतकात भडोचहून आलेला एक राजपुत्र घरदार सोडतो आणि आयुष्यभर चालत राहतो. श्रीचक्रधरांच्या लीळांत गावे आहेत, देवळांचे ओटे आहेत, नदीचे उतार आहेत, कोणी घोटभर पाणी दिले आणि कोणी दार लावून घेतले याच्या हकीकती आहेत. म्हाइंभटांनी हा ग्रंथ स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर जुळवला, तो ज्यांनी ज्यांनी त्या लीळा पाहिल्या त्यांना विचारून. पुढे 'स्थानपोथी' आली. तिच्यात कोणत्या गावी कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्वामी कोठे बसले आणि कोठे निजले, हे इतक्या बारकाईने नोंदले आहे की यादवकालीन गावांची रचना अभ्यासणारे आजही ती उघडतात. नामदेवांच्या नावावरील 'तीर्थावळी'चे अभंग ज्ञानदेवांसोबतच्या यात्रेचेच कथन करतात. तरीही ग्रंथालयात 'लीळाचरित्र' धर्माच्या नाहीतर चरित्राच्या कपाटात, 'तीर्थावळी' संतसाहित्यात, आणि 'प्रवासवर्णने' या पाटीखाली मुख्यतः विमानाने जाऊन आलेल्यांची पुस्तके. हे वर्गीकरण निरुपद्रवी नाही. पायी चाललेल्याचा प्रवास भक्तीत मोडतो किंवा दैन्यात. तिकीट काढून केलेला मात्र साहित्यात.

गोडसे भटजींचेच पाहावे. 'माझा प्रवास' आज अठराशे सत्तावन्नचे साक्षीपत्र म्हणून वाचला जातो, आणि झाशीच्या वेढ्याचे ते वर्णन खरोखरच अजोड आहे. पण वरसईचा हा भिक्षुक घराबाहेर पडला तो डोक्यावरच्या कर्जामुळे. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळणार, अशी वार्ता आली आणि तो काकांसोबत उत्तरेकडे निघाला. वाटेत बंड, लूट, उपास. परत येताना हाती द्रव्य फारसे उरले नव्हते, गंगेची कावड तेवढी होती. मराठीतील सर्वांत नावाजलेले प्रवासवर्णन म्हणजे, नेमके बोलायचे तर, मजुरीच्या शोधात परमुलखात गेलेल्या कर्जबाजारी माणसाची कथा. ती वाचकांपर्यंत पोचली, कारण चिंतामणराव वैद्यांनी त्यांना ती लिहायला लावली आणि १९०७ साली छापली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या जोडीला ठेवावी अशी आहे. त्यांचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पायी फिरण्यात गेले. दुष्काळात आईवडील गेले. त्यानंतर भावासोबत त्या हजारो मैल चालल्या आणि १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. ही सारी पायपीट त्यांनी पुढे इंग्रजी आत्मनिवेदनात सांगितली. मराठीत १८८९ साली 'प्रवासवृत्त' या शब्दासह जे पुस्तक निघाले, ते अमेरिकेचे होते. बाईंचा त्यात दोष नाही. 'प्रवास' म्हणजे काय, याविषयी वाचकांची समजूत तोवर पक्की झाली होती, एवढेच.

बायकांचे प्रवासकथन जात्यावर होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहातल्या काही ओव्या आता 'परी' या संकेतस्थळावर ऐकता येतात. पंढरीची वाट, माहेरची वाट, भावाच्या गाडीची वाट हे त्यातले हुकमी विषय. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातूनच पंढरपूरकडे जाते. त्या वाटेवर गायिले गेलेले सगळे संगीत प्रवासाचेच आहे. इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' आणि दि. बा. मोकाशींची 'पालखी' ही शहरी लेखकांनी पंढरीच्या वाटेवर स्वतः चालून केलेली दोन थोर लेखने. त्यांना मान मिळाला, आणि तो योग्यच. पण त्यांच्या शेजारून चालणाऱ्या बाईची ओवी लोकसाहित्याच्या खात्यात गेली.

पडद्याचा हिशेब थोडक्यात आटोपतो. प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'ने (१९४०) शुद्धिपत्रासाठी पैठणला निघालेल्या भावंडांना पडद्यावर आणले. दूरचित्रवाणीवर मिलिंद गुणाजींच्या 'भटकंती'ने किल्ले, घाट आणि धबधबे घराघरांत पोचवले. त्यानंतर मराठी सिनेमातला प्रवास बहुधा महामार्गावरच्या मोटारीतून, आणि बहुधा प्रेमासाठी.

या साऱ्या काळात मराठवाड्यातला सर्वांत मोठा प्रवास दरसाल होतच राहिला. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, शेळ्या, लेकरे, म्हातारी माणसे. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुढे कर्नाटकातले कारखाने. उसाच्या फडाजवळ कोपी उभारायची, पहाटे तोड, रात्री भरणी, खाडा पडला की दंड. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने हेच. बीड जिल्ह्यातून अशी काही लाख माणसे जातात आणि गेवराई तालुका त्यात पुढे आहे. दत्तात्रेय भिक्षेला कोल्हापूरला जातात आणि जेवायला पांचाळेश्वरला येतात. पांचाळेश्वराच्या पंचक्रोशीतली माणसे भाकरीसाठी कोल्हापूरला जातात आणि तेथेच कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर जेवतात.

या स्थलांतराला 'प्रवास' म्हणणे ही दुःखाला दिलेली झिलई आहे, असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, कॅमेरे बीडच्या गावांत आले. ते येणे आवश्यकच होते. तरी ज्या बाईला कॅमेऱ्यापुढे बसवले, तिला विचारले गेले ते तिच्या शरीराबद्दल आणि उचलीबद्दल. घाट रात्री उतरताना लेकरू कुठे धरले होते, कानडी मुलखात पाणी कोणत्या शब्दाने मागायचे, कोणत्या गावच्या विहिरीवर भरू दिले आणि कोणत्या गावच्या नाही, हे तिला ठाऊक होते. कोणी विचारले नाही. पीडित म्हणून तिची साक्ष झाली, प्रवासी म्हणून झाली नाही. गोडसे भटजींचे कर्ज आणि उपास त्यांच्या प्रवासवर्णनाला बाधा आणत नाहीत. मग हिच्याच बाबतीत का आणावी?

अलीकडे तोडीला गेलेली तरुण मुले मोबाइलवर फडातली, टायरगाड्यांच्या रांगांची, कोपीपुढच्या चुलीची चित्रफीत काढून समाजमाध्यमांवर टाकतात. वर एखादे गाजलेले गाणे चढवलेले असते आणि जाणकार नाक मुरडतात. परंतु चालणाऱ्यानेच आपली वाट दाखवावी, हे या प्रदेशात पुष्कळ काळानंतर होत आहे. त्यात उणीव आहे ती सलगतेची; अर्ध्या मिनिटात वाट मावत नाही.

ती सलगता म्हाइंभटांना साधली होती, आणि त्यांची रीत अवघड नव्हती. जो तेथे होता त्याच्याकडे जायचे. कोणत्या गावी, कोणत्या दिशेच्या दाराशी, कोणी काय दिले, हे विचारायचे. तो सांगेल ते त्याच्याच बोलीत उतरवायचे. विद्यापीठांच्या मराठी विभागांना, जिल्ह्याच्या ग्रंथालयांना, गेवराईसारख्या तालुक्याच्या महाविद्यालयांना यासाठी मोठा निधी लागणार नाही. वेळ तेवढी साधावी लागेल. पट्टा पडल्यावर, चैत्र-वैशाखात, माणसे चकलांब्याला घरी असतात, आणि पुढल्या हंगामाची उचल अजून घेतलेली नसते.