गाड्यांचे नंबर पाठ असलेला मुलगा

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, दहावीत. नाव सांगत नाही. आमचं गाव भुसावळ लाईनवरचं, त्यामुळे रेल्वेचं वेड असलेली पोरं पुष्कळ. याचं वेड वेगळं. १२१३७ म्हटलं की ‘पंजाब मेल’, आणि पुढे ती कुठे कुठे थांबते ते एका दमात. ‘माझी आई’ हा निबंध दिला, तर अम्मी माहेरी कुठल्या गाडीने जाते यावर दोन पानं लिहून आणली. तो नजरेला नजर देत नाही. घंटा वाजली की कान झाकतो. पोरं त्याला ‘पगला’ म्हणतात. मीही दोन वर्षं त्याला हट्टीच समजत होतो. डॉक्टरांनी ऑटिझम म्हटलं, तेव्हा माझेच डोळे उघडले.

त्याच्या अब्बूंनी विचारलं, “सर, याला रेल्वेत कोण घेणार?”

मी शोधाशोध केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मानलं आहे, त्यात ऑटिझम आहे. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. केंद्राच्या नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के जागा. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. एका टक्क्यात इतके वाटेकरी! तरी दार आहे. वयात दहा वर्षांची सवलत आहे. आणि मला सर्वात मोठी वाटलेली गोष्ट: १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या क गटाच्या भरतीत मुलाखतच नाही. चार साहेबांसमोर बसून गोड बोलण्यात ही मुलं मार खातात. संगणकावरच्या पेपरात तसं होत नाही.

पण त्याचं स्वप्न इंजिन चालवायचं आहे, आणि इथे मी खोटं बोलणार नाही. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत दिव्यांगांसाठी राखीव जागा नसतात. रात्रपाळी आणि हॉर्न त्याला झेपतील का, हाही प्रश्न आहेच. क्लार्क-टायपिस्ट, अकाउंट्स क्लार्क ही कामं मात्र त्याच्या स्वभावाला जुळतात. आकडा चुकला की त्याला जेवण गोड लागत नाही, असा माणूस हिशोबाला कुणाला नको?

हे सगळं मिळायला चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, सरकारी दवाखान्याच्या बोर्डाचं. घोडं तिथेच अडलंय. अब्बू म्हणाले, “कागदावर आलं तर मोठीचं लग्न कसं जमेल?”

राग आला, पण त्यांच्यावर नाही. ओबीसीच्या दाखल्यासाठी आपण प्रांत कचेरीच्या दहा खेपा घालतो, तिथे शरम वाटत नाही. तावीज बांधायलाही वाटत नाही. मग याच कागदाची का वाटते? स्थळ बघायला येणारे तुम्ही-आम्हीच आहोत ना? मुलीच्या भावाची चौकशी करून पाय मागे घेणारेही आपल्याच मोहल्ल्यातले. एका घराने नाही म्हटलं की पुढची चार घरं मुलाला आतल्या खोलीत बसवतात. मग अठराव्या वर्षी तो दुकानाच्या पायरीवर बसून गाड्या मोजतो आणि लोक हसतात.

गेल्या जुम्म्याला अब्बू शाळेत आले होते. अर्ज कसा भरायचा ते मी कागदावर लिहून दिलं. घडी घालून त्यांनी तो वरच्या खिशात ठेवला. अजून काही कळवलेलं नाही. मुलगा मात्र रोज विचारतो, “सर, क्लार्कच्या खिडकीतून फलाट दिसतो का?”