आज्ञाधारक नको, निर्भय हवं!

अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत दोन प्रकारचे शहाणे हमखास भेटतात. न्यू जर्सीत मुलाकडे राहिले होते तेव्हा मला दोन्ही भेटले, इथे परत आल्यावरही भेटतात. पहिला कळवळून म्हणतो, "बिचारं पिल्लू! आईपासून तोडायचं आणि जन्मभर राबवायचं. ही गुलामगिरीच की!" दुसरा म्हणतो, "त्यात काय एवढं? लहानपणीच धाक बसवला की मुकाट्याने ऐकतंय."

वाचकहो, मला दोघांचंही म्हणणं मान्य नाही. पहिल्याचं भाबडं आहे, दुसऱ्याचं मात्र घातक आहे. का, ते सांगते.

न्यू जर्सीतच मॉरिसटाउनला 'द सीइंग आय' नावाची संस्था आहे. डोरोथी युस्टिस आणि स्वतः अंध असलेले मॉरिस फ्रँक यांनी ती १९२९ साली सुरू केली. तिथलं पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचं झालं की एखाद्या साध्या घरी सांभाळायला देतात. तेरा ते सोळा महिन्यांचं होईपर्यंत ते तिथेच वाढतं. आता या वर्षभरात त्याला काय शिकवतात? रस्ता ओलांडायला? मुळीच नाही! ते काम नंतर संस्थेतले प्रशिक्षक करतात. घरची मंडळी शिकवतात ते असं: हाक मारली की यायचं, शी-शू ठरल्या जागी करायची, अंगावर उड्या मारायच्या नाहीत, ताटात तोंड घालायचं नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला जग दाखवायचं. बस, स्टेशन, लिफ्ट, बाजारातली गर्दी, उघडणारी छत्री, चाकाची खुर्ची, बंबाची घंटा. ज्याची ओळख झाली त्याची भीती उरत नाही. बालवाडीत दुसरं काय करतात हो?

"पण इतक्या लहानपणी कशाला? जरा मोठं होऊ द्या की!" असं कळवळ्याचा पक्ष म्हणतो. तर मग १९६१ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग ऐका. काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच मिळू दिला नाही. पुढे ती माणसाला पाहून रानटी जनावरासारखी बुजू लागली. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी याच विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आणि पिल्लाच्या ओळखीपाळखीचा मुख्य काळ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा ठरवला. म्हणजे 'जरा मोठं होऊ द्या' म्हणणारा दया करत नसतो, दार लावून घेत असतो.

लाडाचंही तसंच. एमिली ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द सीइंग आय'च्याच ९८ पिल्लांचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्या आया पिल्लांना सतत चाटत, कुरवाळत, आडव्या पडून आयतं दूध पाजत, त्यांची पिल्लं पुढे जास्त प्रमाणात नापास झाली. ज्या बसून किंवा उभ्या राहून पाजत आणि पिल्लांना थोडी खटपट करायला लावत, त्यांची पिल्लं जास्त टिकली. कुत्रीला जे कळतं ते आपल्या पालकसभांत सांगून सांगून माझा घसा बसायचा!

कळवळ्याच्या पक्षाचं एक म्हणणं मात्र खरं आहे. पिल्लाला कुणी विचारत नाही. पण ज्याला हे काम झेपत नाही त्याच्यावर ते लादतही नाहीत. त्याला घरगुती कुत्रा म्हणून चांगलं घर मिळतं, पुष्कळदा वाढवणाऱ्यांचंच. नापास मुलाची इतकी इभ्रत राखणाऱ्या शाळा आपल्याकडे किती?

आता धाकवाल्यांकडे वळते. पुष्कळांना वाटतं की कुत्रा सिग्नल बघून रस्ता ओलांडतो. तसं नसतं. वाहनांचा आवाज ऐकून केव्हा निघायचं ते अंध माणूस ठरवतो आणि कुत्र्याला "पुढे" म्हणतो. अशा वेळी आवाज न करणारी एखादी विजेवरची गाडी वळणावरून आली तर? कुत्र्याने तिथे हुकूम मोडायचा असतो. पाय रोवून उभं राहायचं, मालकाने पुन्हा सांगितलं तरी हलायचं नाही. या समजून केलेल्या अवज्ञेचे धडे मोठेपणी मिळतात, पण ती करण्याची हिंमत त्या पहिल्या वर्षातच यावी लागते.

आता सांगा, ज्या पिल्लाने "नाही" म्हटल्याबद्दल रट्टे खाल्ले आहेत, ते भर रस्त्यात मालकाला "नाही" म्हणेल? ते मान खाली घालून निघेल, आणि मालकही त्याच्यामागे जाईल. गाडीखाली!

माझं सारं आयुष्य शाळेत गेलं. "पोरगं शब्दाबाहेर नाही" हे कौतुक मी हजारदा ऐकलं, आणि दर वेळी मला त्या पोराची काळजी वाटली. ऐकणं शिकवायला धाक पुरतो. केव्हा ऐकायचं नाही, हे शिकवायला मात्र आधी पिल्लाच्या मनातली भीती काढावी लागते. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी पिल्लूही वाढवू नये आणि वर्गातही उभं राहू नये.