वासा कापण्याआधी



उन्हाळा सरत आला की आपल्या बीड जिल्ह्यात छपरांच्या कामाची घाई उडते. ऊसतोडीहून परतलेली माणसे उचलीचा हिशोब मिटवतात आणि वळवाचा पाऊस कोसळण्याआधी डोक्यावरचे छप्पर नीट करून घेतात. गेल्या उन्हाळ्यात शिरूर कासार तालुक्यातील एका वस्तीवर आम्ही गेलो, तेव्हा असेच काम चालू होते. १२ फूट रुंदीची खोली, तिच्यावर पत्र्याचे दुपाखी छप्पर. घरधन्याने पहिला वासा अंदाजाने कापला. त्यावर ठेवून दुसरा कापला, दुसऱ्यावर ठेवून तिसरा. वर चढवले, तर एकाचेही तोंड आढ्याला भिडेना. घरची माउली कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊ, सहा महिने कोयता चालवला तवा हे लाकूड आलं. आता चुलीत घालायचं का?"

आम्ही शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून गुण्या मागून आणला. लोखंडी काटकोन तो. एक पाते २४ इंचांचे, दुसरे १६ इंचांचे. तो घरात सर्वांनी पाहिलेला होता, पण कोपरा तपासण्यापलीकडे त्याचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. त्यांची मुलगी दहावीत जाणार होती. तिला आम्ही विचारले, "बाळ, पायथागोरस आठवतो का?" ती हसली आणि वही घेऊन आली.

वाचक भगिनी-बंधूंनो, हिशोब असा आहे. खोलीची रुंदी भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत १२ फूट. आढे मधोमध, म्हणून एका पाख्याची आडवी धाव ६ फूट. दर फुटाला ५ इंच चढ द्यायचे ठरले, पत्र्याला तेवढा उतार पुष्कळ होतो. मुलीने वहीत मांडले : १२ चा वर्ग १४४, ५ चा वर्ग २५, बेरीज १६९, त्याचे वर्गमूळ १३. म्हणजे आडव्या एका फुटाला वासा १३ इंच लागतो. सहा फुटांना ७८ इंच, म्हणजे साडेसहा फूट. वळचण भिंतीबाहेर फूटभर काढायची तर आणखी १३ इंच. एकूण ७ फूट ७ इंच. आठ फुटांचे लाकूड पुरते. "आबा, एवढं तर पुस्तकात आहे," ती म्हणाली.

आता गुण्या कसा धरायचा ते पाहू. आधी गुण्या खरा आहे का ते तपासावे. सरळ कडेच्या फळीवर त्याने रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी पुन्हा मारावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. लाकूड बाभळीचे किंवा लिंबाचे वाकडे असेल, तर सुतळी ओढून वरच्या कडेची सरळ रेघ आधी पाडून घ्यावी.

मग लांब पात्यावरचा १२ चा आकडा आणि आखूड पात्यावरचा ५ चा आकडा, दोन्ही वाशाच्या त्याच कडेवर जुळवावेत. आखूड पात्याच्या कडेने मारलेली रेघ छप्पर चढल्यावर ओळंब्यात उभी राहते. आढ्याला भिडणारे तोंड याच रेघेवर कापायचे. लांब पात्याची रेघ पाणसळीत आडवी येते. गुण्या असाच सरकवत कडेवर सहा पावले टाकावीत. सहाव्या पावलाची उभी रेघ म्हणजे भिंतीची बाहेरची कड. तेथे आडव्या रेघेने खाच आखावी, म्हणजे वासा भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर घट्ट बसतो. खाच वाशाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल नको, नाहीतर वासा तेथेच मोडतो. सातवे पाऊल वळचणीचे.

एक गोष्ट हमखास विसरते. आढ्यालाही जाडी असते. आढे २ इंच जाड असेल तर वरच्या रेघेपासून आडवे मोजून १ इंच कमी करावा.

आता आधीची चूक कोठे झाली ते समजेल. प्रत्येक वासा आधीच्या वाशावरून आखला, म्हणून पहिल्याची चूक तिसऱ्यापर्यंत वाढत गेली. आधी फक्त दोन वासे कापावेत, वर लावून पाहावेत. बरोबर बसले तर त्यातील एकावर खडूने 'नमुना' असे लिहून ठेवावे आणि बाकीचे सगळे त्याच एकावरून आखावेत. लाकडाऐवजी लोखंडी चौकोनी पाईप असला तरी हिशोब हाच.

छप्पर हलके आणि बांधणी पक्की हवी, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे अंगावर पडून हजारो माणसे गेली. पत्रा हलका खरा, पण वादळात उडतो. म्हणून वासे भिंतीला आणि पत्रे वाशांना पक्के बांधावेत.

आपल्यातील अनेकांना वाटते, हे काम सुताराचे, आपले नव्हे. कारागिरी जातीच्या कुंपणात कोंडली गेली, त्याचा हा परिणाम होय. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केल्याचा शिलालेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी संघाच्या दाराशी सुताराचे नाव सन्मानाने कोरले गेले. हुन्नर हा कमीपणा नव्हे. आज आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तेथे कोणाची जात आडवी येत नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे वासे चढले. बिघडलेले तीन वासे चुलीत गेले नाहीत, न्हाणीच्या आडोशावर आखूड छपराला कामी आले. येत्या हंगामात लेकीला फडावर सोबत न्यायचे की शाळेत ठेवायचे, असा विचार त्या घरात चालू होता. आम्ही निघताना माउली म्हणाली, "आजीपाशी ठेवावं म्हणते तिला." घरधनी काही बोलला नाही. तो मुलीची वही चाळत बसला होता.

ज्यांच्या घरी आजी नाही, त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली आहे. फडावर जाण्याआधी समाजकल्याण कार्यालयात चौकशी जरूर करा. छप्पर एका दिवसात चढते, पण मोडलेली शाळा पुन्हा जोडायला फार दिवस लागतात.