बॉम्बची वर्णव्यवस्था

गेल्या महिन्यात दादरच्या एका हॉलात व्याख्यानाला गेलो होतो. विषय : अणुबॉम्ब आणि नैतिकता. पुढच्या रांगांत कडक इस्त्रीचे झब्बे, मागं आम्ही चार पोरं. वक्ते मोठे विद्वान. त्यांनी ओपनहायमरवरच्या सिनेमाचं कौतुक केलं. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला स्फोट झाला तेव्हा ह्या माणसाला गीतेच्या अकराव्या अध्यायातला श्लोक आठवला, असं त्यानंच पुढं सांगितलंय. वक्त्यांनी ते सांगितलं आणि त्यांचा गळा दाटून आला. हॉलनं टाळ्या वाजवल्या. माणसं जाळायच्या यंत्राला आपल्या पोथीचं सर्टिफिकेट मिळालं म्हणून टाळ्या! २०२३ साली हाच सिनेमा लागला तेव्हा ह्याच मंडळींनी बोंब मारली होती की पडद्यावर गीता बिछान्यात आणली. तीन तासांच्या सिनेमात हिरोशिमाचं एकही जळालेलं घर दिसत नाही, त्यावर कुणाची भावना दुखावली नाही.

प्रश्न चिठ्ठीवर मागवले. मी लिहिलं, ‘कारखान्याभोवती राहणारी माणसं कोण होती?’ अध्यक्षांनी चिठ्ठी उघडली, वाचली, घडी घालून खिशात टाकली. वेळ संपला, आभारप्रदर्शन, राष्ट्रगीत. म्हणून इथं लिहितोय.

कुठला कारखाना ते ऐका. बॉम्बचं काम सुरू झालं हिटलरच्या नावानं. तो आधी बनवेल, ही भीती. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला, हिटलर मेलेला, पण काम थांबलं नाही. ३१ मे आणि १ जूनला वॉशिंग्टनमध्ये इंटरिम कमिटी बसली, अध्यक्ष युद्धमंत्री स्टिम्सन. ठरलं काय? बॉम्ब जपानवर लवकरात लवकर टाकावा, आधी सूचना देऊ नये, आणि कामगारांच्या घरांनी वेढलेल्या युद्धकारखान्यावर टाकावा. हे मी माझ्या पदरचं घालत नाही, कमिटीच्या इतिवृत्तात आहे. काही शहरं नेहमीच्या बॉम्बफेकीतून मुद्दाम वगळून ठेवली होती, नव्या बॉम्बचा परिणाम नीट मोजता यावा म्हणून. जत्रेसाठी बोकड राखतात तशी. क्योटोचं नाव यादीत वर होतं. स्टिम्सननं ते खोडलं, कारण ते जुन्या संस्कृतीचं शहर. म्हणजे देवळांना माफी, चाळींना नाही.

आणि कारखाना हे तरी खरं होतं का? ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला नेम धरला होता शहराच्या मधोमध असलेल्या आयोई पुलावर. फुटला तो एका दवाखान्याच्या डोक्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. हिरोशिमाचे मोठे कारखाने बहुतेक गावाच्या कडेला होते, त्यातले बरेचसे वाचले. माणसं गेली. वर्षअखेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार. बॉम्बमध्ये ६४ किलो युरेनियम होतं, त्यातलं एक किलोसुद्धा धड फुटलं नाही.

आता शास्त्रज्ञांचं. मी विज्ञानाचा वैरी नाही. अणू फुटतो कसा, न्यूट्रॉन लागला की युरेनियमचं केंद्रक दुभंगतं, आणखी दोनतीन न्यूट्रॉन सुटतात, ते पुढची केंद्रकं फोडतात, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती. असलं सुंदर काही मी तोवर वाचलं नव्हतं. पण हे कोडं ज्या बाईनं भाच्याबरोबर बसून १९३८ च्या डिसेंबरात सोडवलं, ती लीझे माइट्नर जन्मानं ज्यू म्हणून जर्मनीतून परागंदा झालेली. नोबेल एकट्या ओटो हानला. पुढं तिला बॉम्बच्या कामाचं बोलावणं आलं, ती नाही म्हणाली. जोसेफ रॉटब्लाट १९४४ च्या अखेरीस लॉस अलामोस सोडून चालता झाला. म्हणजे नाही म्हणता येत होतं, हे लक्षात ठेवा.

शिकागोच्या शास्त्रज्ञांनी जून १९४५ मध्ये फ्रांकच्या नावानं अहवाल दिला : आधी ओसाड जागी स्फोट करून जगाला दाखवा. त्यावर १६ जूनला ओपनहायमर, फर्मी, लॉरेन्स, कॉम्प्टन ह्या चौघांनी मत दिलं की नुसत्या प्रात्यक्षिकानं युद्ध संपेल असं वाटत नाही. वर पुस्ती जोडली की राजकीय, सामाजिक, लष्करी प्रश्न सोडवायची आपली काही खास पात्रता नाही. वा रे शहाणे! शहर जाळायची शिफारस करायला पात्रता होती, जबाबदारी घ्यायला नव्हती. झिलार्डनं ७० सह्यांचा अर्ज केला, १७ जुलैची तारीख घालून. तो ट्रुमनच्या टेबलावर पोचलाच नाही. चिठ्ठी खिशात टाकणारे अध्यक्ष तिथंही होते.

आणि इथंच गीता नेमकी बसते. बनवणं माझं कर्म, टाकणं दुसऱ्याचं, मरणारे आधीच मेलेले, मी निमित्तमात्र. बाबासाहेबांनी ह्या युक्तिवादाची चिरफाड करून ठेवलीय; १९८७ साली त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या तिसऱ्या खंडात ती छापून आली. वक्त्यांनी तो खंड उघडला असता तर गळा दाटून आला नसता.

वर्णव्यवस्था म्हणतो ती उगाच नाही. वर विचार करणारे, खाली न विचारता राबणारे. ओक रिजच्या कारखान्यात खेड्यांतून आलेल्या पोरी यंत्राच्या खुंट्या फिरवायच्या. कशासाठी, हे त्यांना सांगितलं नव्हतं. तिथंच काळ्या मजुरांसाठी वेगळ्या लाकडी खोपट्या, नवरा-बायकोलाही एकत्र राहायची मुभा नाही. बॉम्बसाठीचं बरंचसं युरेनियम निघालं बेल्जियन काँगोच्या शिंकोलोब्वे खाणीतून. ते खणणाऱ्या काळ्या हातांचं नाव कुठल्या सिनेमात आहे? पुढं अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींनी खाणीत धूळ गिळली, फुप्फुसाच्या कॅन्सरनं मेले. भरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडलं.

मेल्यावर तरी बरोबरी? हिरोशिमात हजारो कोरियन मेले. जपानची वसाहत होती, कितीकांना जबरदस्तीनं कामाला आणलेलं. त्यांचं स्मारक १९७० साली उभं राहिलं ते शांतिउद्यानाच्या बाहेर, नदीच्या पलीकडं. आत घ्यायला १९९९ साल उजाडलं. गावकुस कुठं नसतं, सांगा!

विद्वान म्हणतील, बॉम्बनं युद्ध थांबलं, लाखोंचे जीव वाचले. जपानचं सरकार संत नव्हतं, नानजिंगची कत्तल त्यांचीच. पण अमेरिकेचं दहा लाखांहून जास्त मनुष्यहानी टळली, हा आकडा स्टिम्सननं मासिकातल्या लेखात दिला तो फेब्रुवारी १९४७ मध्ये, टीका व्हायला लागल्यावर. १८ जून १९४५ च्या बैठकीत जनरल मार्शल क्यूशूवरच्या चढाईचे पहिले तीस दिवस ३१ हजारांच्या आत धरत होता. तीस दिवस म्हणजे सगळी लढाई नव्हे, कबूल. पण नागासाकीचं काय? ८ ऑगस्टला रशियानं युद्ध पुकारलं, ९ ला दुसरा बॉम्ब. त्यासाठी कुणी पुन्हा विचारच केला नाही. २५ जुलैच्या हुकमातच होतं, तयार होतील तसे टाका.

आता घरचं बोलू. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम आपल्या तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतलं. त्या स्फोटाला नाव चिकटलं कुणाचं? बुद्धाचं. हसरा बुद्ध. १९९८ ला पुन्हा स्फोट, ११ मे, नेमकी बुद्धपौर्णिमा. सगळ्या देवादिकांच्या हातात शस्त्रं असताना ह्यांना रिकाम्या हाताचाच सापडला! आणि ७४ नंतर दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्याच तुर्भ्याच्या अणुकेंद्राला जागा हवी म्हणून जनता कॉलनी उठवली, सत्तरेक हजार माणसं चिता कॅम्पात नेऊन टाकली. बॉम्ब पडायच्या आधीच वस्ती साफ.

९८ साली माझ्या थोरल्या भावानं आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. त्याला मी शिव्या देणार नाही. रोज नाक घासायला लावणाऱ्या शहरात त्याला एक दिवस आपण ताकदवान आहोत असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी नळाला तेवढंच पाणी आलं, आणि बॉम्बचं बटण काही आमच्या गल्लीत आलं नाही. कमिट्या बसतील तेव्हा आमची गल्ली असेल ती नकाशावर, कारखान्याभोवती.

तेच वक्ते पुढच्या महिन्यात त्याच हॉलात आहेत. ह्या वेळी पुढच्या रांगेत बसू, लवकर या. चिठ्ठी द्यायची नाही, माईक घ्यायचा.