विश्लेषण : शिवराज राक्षेला ‘ती’ कुस्ती परत मिळायला हवी का?

रविवारी रात्रीपासून आमच्या अल्लीपूरच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच क्लिप फिरतेय. अकरा सेकंदांची. शिवराज राक्षे खाली, पृथ्वीराज मोहोळ वर, पंचाची शिट्टी आणि मग गोंधळ. खाली एकाचा मेसेज : ‘अबे, एक खांदा वरच हाय ना! कुस्ती परत लावा.’

हिंगणघाट तालुक्यातल्या या गावात सध्या कापसाच्या भावाइतकीच चर्चा या खांद्याची आहे. त्याला एक कारणही आहे. स्पर्धा घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाचे अध्यक्ष आपल्या जिल्ह्यातल्या देवळीचे, माजी खासदार रामदास तडस. त्यामुळे ‘आपल्या माणसानं न्याय द्यावा’ असा सूर इथे जरा जास्तच ऐकू येतो.

माझं मत आधीच सांगतो. ती कुस्ती परत लावू नये. पण तीन वर्षांची बंदीही मला पटलेली नाही.

नेमकं काय झालं?

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटात, म्हणजे ८६ ते १२५ किलोच्या मल्लांमध्ये, गादी (मॅट) आणि माती असे दोन विभाग असतात. दोन्हीकडचे विजेते गदेसाठी भिडतात. गादीच्या अंतिम लढतीत नांदेडकडून खेळणारा शिवराज आणि पुण्याचा पृथ्वीराज समोरासमोर होते. पंचांनी पृथ्वीराजला चितपटीवर विजयी घोषित केलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं शिवराजचं म्हणणं. त्याने व्हिडीओ बघा म्हणून आग्रह धरला, तो मान्य झाला नाही, आणि मग त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली.

त्याच रात्री गदेच्या लढतीत पृथ्वीराजसमोर सोलापूरचा महेंद्र गायकवाड होता. काही सेकंद उरले असताना तोही पंचांवर चिडून निघून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

क्लिपमध्ये दिसतं ते खरं नाही का?

इंजिनीअरिंगची चार वर्षं इथे थोडी कामी येतात. मोबाइलचा व्हिडीओ साधारण सेकंदाला ३० फ्रेमचा. दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. त्यात व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं, तेव्हा हलणारे भाग आधी धूसर होतात. आणि सगळ्यात मोठी अडचण कोनाची. प्रेक्षकांतून तिरपं शूट केलं तर मॅटपासून दोन बोटं वर असलेला खांदा आणि टेकलेला खांदा सारखेच दिसतात. मी ती क्लिप थांबवून थांबवून वीसेक वेळा पाहिली. पहिल्या दहा वेळा मला शिवराज बरोबर वाटला, पुढच्या दहा वेळा काहीच सांगता येईना.

म्हणून ‘व्हिडीओत स्पष्ट दिसतंय’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण मॅटच्या काठावरचा, आयोजकांचा कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी. ते फुटेज सगळ्या कोनांतून, न कापता बाहेर यायला हवं. लपवण्यासारखं काही नसेल तर उशीर कशाला?

मग नियमात रिव्ह्यू नाही का?

आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. आंतरराष्ट्रीय नियमांत कोच मॅटवर स्पंज टाकून गुणांना आव्हान देऊ शकतो. आव्हान फसलं तर समोरच्याला एक गुण. पण चितपटीला हे आव्हान लागू नाही. कारण तिथे तपासणी आधीच व्हायची असते. मॅटवरचा पंच एकट्याच्या जिवावर चितपट देऊ शकत नाही, मॅट चेअरमनची संमती लागते. दोन्ही खांदे एकाच वेळी, पंचाला ठामपणे दिसेल इतका क्षण टेकलेले असायला हवेत.

क्रिकेटमध्ये अंपायर बोट वर करतो आणि मग डीआरएस लागतो. कुस्तीत उलटं आहे, तिसऱ्या अंपायरने आधी मान हलवायची आणि मग बोट वर करायचं. म्हणजे शिवराजच्या बाजूने विचारायचा खरा प्रश्न ‘रिव्ह्यू का नाही दिला’ हा नाहीच. चितपट देताना दुसऱ्या माणसाने होकार दिला का, आणि कशाच्या आधारावर? याचं उत्तर आयोजकांनी लेखी द्यावं.

गावच्या दंगलीत तर परत लावतात!

लावतात. वाद झाला की लोक ओरडतात, पंच पुन्हा हात मिळवायला लावतात किंवा बरोबरीत सोडवतात. पण गावच्या दंगलीत प्रत्येक कुस्तीचं बक्षीस वेगळं असतं. एक परत लावली तर दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. स्पर्धेत एक कुस्ती पुढच्या कुस्तीवर उभी असते. पृथ्वीराजने त्याच रात्री दुसरी लढत दिली, गदा उचलली. आता त्याला सांगायचं की परत ये? पंच चुकला असेलही, पण त्याची शिक्षा पृथ्वीराजला का?

आणि हा न्याय मागे न्यायचा ठरवला तर थांबायचं कुठे? जानेवारी २०२३, पुणे. माती विभागात सिकंदर शेख आणि हाच महेंद्र गायकवाड. बाहेरच्या टांगेवर महेंद्रला चार गुण मिळाले आणि अर्धा महाराष्ट्र पंचांवर तुटून पडला. सिकंदर वाशिमकडून खेळत होता, त्यामुळे विदर्भात तर विचारायलाच नको. ती कुस्ती परत लावली असती तर? कदाचित महेंद्र अंतिम फेरीत आलाच नसता. आणि त्या अंतिम फेरीत महेंद्रला हरवून पहिली गदा कुणी घेतली? शिवराज राक्षेने.

तेव्हा चार गुण मिळालेला महेंद्र परवा स्वतःच मैदान सोडून गेला. पंचांचा निर्णय आपल्या बाजूने असला की चालतो, हे काही फक्त पैलवानांपुरतं नाही म्हणा.

बॉक्सिंगमध्ये कसं मिळतं?

ओलेक्झांडर युसिकने मे २०२४ मध्ये टायसन फ्युरीला हरवलं आणि डिसेंबरमध्ये दोघे पुन्हा भिडले, कारण करारातच तशी अट होती. हा धंद्याचा भाग, त्यात न्याय वगैरे शोधू नये. फ्युरी दुसऱ्यांदाही हरला.

मला जास्त पटतो तो डॅनियल ड्युबुआ. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये त्याच्या ठोशाने युसिक खाली पडला, पण पंचांनी तो कमरेखालचा ठरवला. नवव्या फेरीत ड्युबुआ हरला. त्याच्या गोटाने खूप आरडाओरडा केला. पण पुढे त्याने जॅरेल मिलर, फिलिप हर्गोविच आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्ब्लीत अँथनी जोशुआला पाडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या कमरेला आयबीएफचा पट्टा होता. युसिकसमोर पुन्हा उभं राहायचा हक्क तेव्हा कुणी त्याला नाकारू शकत नव्हतं.

सिकंदरनेही हेच केलं होतं. पुण्याच्या वादानंतर दहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला तो महाराष्ट्र केसरी झाला. काही सेकंदांत. समोर कोण होता? शिवराजच.

मग बंदीचं काय?

माझा आक्षेप इथे आहे. परत यायचा जो एक सरळ रस्ता सिकंदरला मिळाला, तोच शिवराजसाठी २०२८ पर्यंत बंद करणारी शिक्षा जाहीर झाली. जड गटातल्या मल्लाची ऐन उमेदीची तीन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

लाथेला शिक्षा हवीच, त्यात पण-बिण नाही. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला माणूस पंचाला मारतो तेव्हा तालमीतली पोरं बघत असतात. चंद्रहार पाटलांनी पंचांना गोळ्या घालायची भाषा केली, तीही तितकीच वाईट. २००९ मध्ये तिसरी गदा हुकल्याची त्यांची सल समजू शकते, ही भाषा नाही.

पण पंचाला लाथ मारणारा आणि मैदान सोडून जाणारा, दोघांना एकच माप कसं? महेंद्रला काही महिने पुरेसे होते, शिवराजला एक वर्ष. आणि चितपटीची चौकशी या शिक्षेपासून वेगळी हवी. शिवराज चुकीचं वागला म्हणून पंच आपोआप बरोबर ठरत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, बरंच लांबलचक. तासभर निळ्या टिका, उत्तर नाही. मग त्याच मित्राचा मेसेज आला : ‘बरं, परत नका लावू. पण पुढच्या वर्षी तरी लढू द्या ना बे त्याले.’